चार्टावरचा अंगठा

कापूस फुटला की गावातल्या बायकांना हुरूप येतो, आणि मला भीती वाटायला लागते. तशी मी भित्रीच. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. पण ही भीती निराळी आहे, ती हंगामाबरोबर येते. सकाळी वावराच्या वाटेवर दवाने साडीचा काठ भिजतो, बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचतात, आणि दुपारी वाऱ्यावर शाळेच्या भोंग्यातून सारांचा, म्हणजे मास्तरांचा, आवाज येतो. कोणत्या वर्गाचा कोणता गट, कोणी काय आणायचं, कधीपर्यंत आणायचं. इतिहासाच्या स्पर्धेचे हे दिवस. पोरं तिला ‘चरित्र पोटी’ म्हणतात. आमचं गाव तेलंगणात, आणि तेलुगूत चरित्र म्हणजे इतिहास, पोटी म्हणजे स्पर्धा. तो आवाज आला की माझे हात बोंडावरच थांबतात. शेजारच्या ओळीतली बाई विचारते, “काय झालं व? काटा गेला का?” मी म्हणते, हो.

पूर्वी हाच हंगाम मला सगळ्यात आवडायचा. कापूस वेचताना बाई गप्प राहिली तरी कोणी नावं ठेवत नाही. हात चालू असले की झालं. ओटीत कापूस भरत जातो, पोटाला ऊब येते, वजन जाणवत नाही. दिवसभर मी आणि माझं मन. लग्न होऊन आले तेव्हा याच वावरात मी पहिल्यांदा या घराची झाले असं मला वाटलं होतं. घरात माणसं होती, त्यांची लाज वाटायची. वावराची लाज वाटत नाही.

हे मी शीतलच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहिते आहे. शीतल माझी मुलगी. मी चौथीपर्यंत शिकले. माझ्या माहेरी मराठी शाळा तेवढीच होती. पुढची शाळा तेलुगूत, आणि नाल्याच्या पलीकडे. शीतल मात्र पाचवीनंतर तेलुगूतच शिकली. ती अभ्यासाला बसली की मी तिच्याजवळ धान निवडत बसायची. तिच्या वहीतली ती गोल गोल अक्षरं मला ज्वारीच्या दाण्यांसारखी दिसायची. सगळी सारखी, आणि एकही ओळखीचं नाही. ती म्हणायची, “आई, तू काऊन बसली इथं? जा ना, झोप.” मी म्हणायची, बसते थोडी.

ती नववीत होती त्या वर्षी एक दिवस शाळेतून धावत आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, “आई, घरात काही जुनं हाये का? खूप जुनं. सारांनी सांगितलं, ज्याच्या घरचं जुनं निघन त्याचा प्रोजेक्ट वर जाईन.”

कोणाकडे जुनी पायली होती, कोणाकडे तांब्याचं नाणं. एका मुलीच्या मामाने बेल्लमपल्लीहून कोळशाच्या खाणीतला दिवा पाठवला होता. आमच्या घरात जुनं काय असणार? सासरे सालगडी होते. सालगड्याच्या घरातली वस्तू जुनी होईपर्यंत टिकत नाही, वापरून संपते. पण मला आठवलं की पेटीच्या तळाशी, सासूबाईंच्या लुगड्याच्या घडीत एक कागद आहे.

तो आमच्या वावराचा कागद. सासरे ज्या पाटलांकडे सालगडी होते, त्याच पाटलांनी नाल्याकाठचं हे वावर त्यांना विकलं. तेव्हा कचेरीत कोणी गेलं नाही. गावातल्याच एका शिकलेल्या माणसाने मराठीत लिहिलं, पाटलांनी खाली अंगठा उठवला. आमच्याकडे याला साधा बयनामा म्हणतात. सरकारी पहाणीत, म्हणजे सातबाऱ्यासारख्या उताऱ्यात, नाव अजूनही पाटलांचंच आहे. आता पाटील नाहीत, सासरेही नाहीत. वावर आम्ही कसतो, आणि आमचं म्हणायला तो एक कागद आहे. मध्यंतरी वावराच्या बाजूने डांबरी सडक झाली. तेव्हापासून मोटारीतून जाणारी माणसं खाली उतरून, कमरेवर हात ठेवून आमच्या कापसाकडे पाहत उभी राहतात. कापूस पाहायला कोणी एवढा वेळ थांबत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी कागद दिला. का दिला, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. चौथी सुटल्यानंतर शाळेला लागणारी एखादी वस्तू माझ्याजवळ निघण्याची ती पहिलीच वेळ होती. मला वाटलं, सार बघतील, वा म्हणतील, आणि पोरगी कागद परत आणेल. आम्ही नाही का पाटी न्यायचो, दाखवायचो आणि परत आणायचो? ह्यांना, म्हणजे शीतलच्या वडिलांना, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मला हो म्हणायचं होतं.

प्रोजेक्ट दोघींचा होता. शीतल आणि पूजा. पूजा म्हणजे त्याच पाटलांची नात. एकीच्या आजोबांनी वावर विकलं, दुसरीच्या आजोबांनी घेतलं, आणि नाती एका बाकावर बसतात, याचं सारांना फार कौतुक वाटलं. वावरांचा इतिहास, असा त्यांनी विषय दिला. दोघी आमच्याच ओट्यावर बसून रंगवायच्या. पूजा आमच्याकडची भाकर तोडून खायची आणि हसायची, “काकू, तुमची चटणी खाल्ली का माह्या आजोबाचं नाव बी तेलुगूत नीट निघते.” मी तोंडाला पदर लावून हसायची. चार दिवस घरात रंगाचा आणि डिंकाचा वास होता.

पाचव्या दिवशी मी वावरातून आले तर चार्ट भिंतीला टेकवून ठेवलेला. कडेने झेंडूच्या रंगाची पट्टी, वर नाला, बैल, मोहाचं झाड, सगळीकडे ती गोल अक्षरं. आणि बरोबर मधोमध आमचा कागद. मी जवळ गेले. कोपरा नखाने उचलून पाहिला. उचलला गेला नाही.

“शीतल, हा चिकटवला का व?”

“मंग काय टाचणी लावू? पडला असता. फेविकॉल लावलं, आता शंभर वर्षं निघत नाही.” आणि ती खुशीत हसली.

मी खाली बसले. त्या एवढ्या मोठ्या चार्टावर मला वाचता येण्यासारखं तेवढंच होतं. मी वाचलं. ‘पूर्वेस नाला, पश्चिमेस माझे स्वतःचे वावर, दक्षिणेस पांदण, उत्तरेस मोहाचे झाड, येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून दिले.’ त्याखाली निळा अंगठा. त्याच्या रेषा नांगरल्या वावरासारख्या एकमेकींना धरून गेलेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. ह्यांच्या नजरेस पडण्याआधीच चार्ट शाळेत गेला. मग मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शाळेत गेला. तिथे आईबापांना बोलावलं होतं. हे आले नाहीत, मी गेले आणि दाराआड उभी राहिले. दोऱ्यांना टांगलेले चार्ट वाऱ्याने हलत होते. थर्माकोलचा किल्ला होता, निर्मलच्या लाकडी खेळण्यांचा चार्ट होता. लोक सगळ्यांपुढे थोडे थोडे थांबायचे, पण आमच्या चार्टापुढे जास्त थांबायचे. आणि प्रत्येक जण त्या अंगठ्यावर बोट ठेवून पाहायचा. कोणी पान खाऊन आलेला, कोणाच्या हाताला तेल. मला प्रत्येक बोट माझ्या मानेवर ठेवल्यासारखं वाटत होतं. पोरींचा दुसरा नंबर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग चार्ट बसच्या टपावर चढून आदिलाबादला गेला. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. वेचणारे कापूस भिजेल म्हणून आभाळाकडे पाहत होते.

तिकडून चार्ट आला तो आमच्या घरी आला नाही. गटाच्या यादीत पूजाचं नाव वर होतं, म्हणून सारांनी तो तिच्याकडे दिला. शीतल सहज सांगून गेली, “पूजाच्या घरी हाये. तिच्या बाबाले लय आवडला म्हने.”

मी महिनाभर गेले नाही. गेले तर काय म्हणू? घाईने मागितला तर त्यांना कळेल की आमच्याजवळ दुसरं काही नाही. नाही मागितला तर तो तिथेच राहील. पूजाचे वडील माधवराव कधी वाकडं बोलले नव्हते. पण सडक झाल्यापासून तेही कधीकधी बांधावर उभे दिसायचे. रात्री हे शेजारी शांत झोपलेले असायचे, आणि त्यांची ती शांत झोपच मला सहन व्हायची नाही.

शेवटी हे कापूस घेऊन आदिलाबादच्या यार्डात गेले तो दिवस धरून मी सकाळीच पाटलांच्या घरी गेले. सासऱ्यांनी ज्या ओट्यासमोर चपला हातात धरून उमर काढली, तिथे मी चपला घालूनच चढले. चार्टाच्या विचारात काढायचं सुचलं नाही. पूजाची आई सुमनबाई म्हणाली, “या ना शीतलची माय, आज कशी वाट चुकली? तुमचं तर तोंडच दिसत नाही गावात.”

मी काही बोलण्याआधी मला चार्ट दिसला. तो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर खिळ्याला टांगला होता. त्याला झेंडूचा हार होता. उदबत्तीचा धूर कागदावरून वर जात होता. आणि जिथे निळा अंगठा होता तिथे गंधाचा जाड, पिवळा-तांबडा थर होता.



सुमनबाई सांगत होती, “आमच्या मामंजीचा एकबी फोटो नाही पाहा. कॅमेऱ्यापुढं बसाले भेत होते म्हने. पूजाच्या बाबाले बापाचा चेहराच आठवत नाही, लहान होते ना. चार्ट घरी आला, अन् हे रडूनच राह्यले त्याच्यापुढं. म्हने, माह्या बापाचं बोट लागलं हाये इथं. तवापासून रोज आंघोळ झाली का गंध लावतात.”

रोज. मी मनात मोजायला लागले, किती दिवस झाले असतील. एखाद्याला पुरावा पुसायचाच असेल तर तो असा पुसेल का? हार घालून, उदबत्ती लावून? की असाच पुसेल? मला कळत नव्हतं, आणि आजही कळत नाही. तेवढ्यात माधवराव ओल्या धोतराने आले, त्यांनी वाटीतल्या गंधात करंगळीशेजारचं बोट बुडवलं आणि चार्टाकडे हात नेला.

“नका लावू!”

आवाज माझाच होता. एवढा मोठा आवाज मी आजवर माझ्या स्वतःच्या घरातही काढला नव्हता. माधवरावांचं बोट तसंच राहिलं, गंधाचा थेंब खाली फरशीवर पडला.

“काय झालं वैनी?”

“तो कागद... आमच्या वावराचा हाये. दुसरा नाही आमच्याजवळ.”

झालं. महिनाभर जे तोंडातून निघू नये म्हणून मी गेले नव्हते, ते मी स्वतःच बोलले.

सुमनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. माधवराव हळूच म्हणाले, “वावर तुमचं हाये. अंगठा आमच्या बाचा हाये.”

मी म्हटलं, पोरीच्या मोबाइलमध्ये फोटो आहे, मोठी रंगीत झेरॉक्स काढून देते.

“अन् ते तुमी सरकारी दप्तरात देसान का, झेरॉक्स?”

“दप्तरात चालत नाही.”

“दप्तरात चालत नाही, मंग देवाले कशी चालन?” ते हसले, पण हसणं लगेच विरून गेलं. मग त्यांनी हार काढला, खिळ्यावरून चार्ट उतरवला, गुंडाळला, आणि माझ्या हातात देताना म्हणाले, “न्या. पन माह्या बाले पेटीत कोंबून अंधारात नका ठेवू. त्याच्यापुढं रोज एक दिवा लावा. लावसान ना?”

मी मान हलवली. त्या घडीला त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी मान हलवली असती.

ह्यांना मी एवढंच सांगितलं की शीतलने कागद चार्टावर चिकटवला. बाकीचं सांगितलं नाही. ते रागावले नाहीत. दोन दिवस जेवले कमी. चार्ट उघडून पुन्हा पुन्हा पाहायचे आणि म्हणायचे, “आता दप्तरात बैल अन् मोहाचं झाडबी घेऊन जावं लागन.” गंध वाळून खपल्यांसारखा निघून गेला. खाली अंगठा होता, थोडा भुरका झालेला, मधल्या दोन रेषा मिळून गेलेल्या.

आणि दिवा. तो मी एकदाही लावला नाही.

एकदा लावायला गेले होते. घरात कोणी नव्हतं. चार्ट उघडला, वात घेतली, काडी ओढली. हात पुढे जाईना. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्यापुढे आम्ही मेणबत्ती लावतो. पण ते कारण नव्हतं. मला सासरे आठवले. पाटील माणूस वाईट नव्हता असं तेच सांगायचे. पण हा कागद ज्या दिवशी झाला त्या दिवसापासून ते त्या ओट्याकडे गेले नाहीत, की कोणापुढे वाकले नाहीत. त्यांच्याच घरात, त्यांच्याच कागदापुढे मी कशी वाकू? काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा मी ती फुंकली.

त्यानंतर दोन वर्षं झाली. माधवराव वाटेत भेटले की बैलगाडी हळू करून विचारतात, “दिवा लावता ना वैनी?” मी खाली पाहून म्हणते, “हो.” खोटं बोलायची मला सवय नाही. ते बोलले की दिवसभर जिभेवर तुरटी ठेवल्यासारखं वाटतं. आमच्या घराच्या पाठीमागून त्यांची वाट आहे. संध्याकाळी त्यांच्या गाडीची चाकं वाजली की मी चुलीतलं लाकूड पुढे सारते, उजेड मोठा व्हावा म्हणून.

यंदा गावात दवंडी झाली. साध्या कागदावरच्या वावरांचे अर्ज घेणं सुरू आहे. विकणाऱ्याच्या वारसाने सोबत येऊन सांगायचं की हा अंगठा आमच्याच माणसाचा. ते झालं तर वावर आमच्या नावाने चढेल. शीतल आता आदिलाबादला हॉस्टेलात असते, पूजा निर्मलला शिकते. चार्ट माझ्या ताब्यात.

आज दुपारी वेचणी आटोपून आम्ही घरी आलो, तर माधवराव आले. हे अंगणात बाज टाकून बसले होते, त्यांनी सरकून जागा केली. मी पाणी दिलं. सोमवारी कचेरीत कोणत्या गाडीने जायचं ते दोघांनी ठरवलं. नऊच्या बसने जायचं. माधवराव पाणी प्यायले, पेला माझ्याकडे परत देताना त्यांनी विचारलं, “दिवा लावता ना वैनी रोज?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “कोणता दिवा?”

अंगणात वाळत घातलेल्या कापसावर एक कोंबडी चढली होती, तिला हाकलायला हवं होतं. मी हलले नाही. हो म्हणावं तर ह्यांच्या समोर, ह्यांच्या वडिलांच्या घरात, पाटलाच्या अंगठ्याला दिवा लावला असं ठरणार. नाही म्हणावं तर सोमवारी माधवराव येतील की नाही कोण जाणे. वावर माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं.

“नाही,” मी म्हटलं. “एकदाबी नाही लावला.”

“अन् मले तर दोन वर्षं हो म्हनून राह्यली?”

“भेवानं म्हटलं.”

माधवराव म्हणाले, “चार्ट आना.” मी आणला. त्यांनी बाजेवर उलगडला, ह्यांनी दुसरं टोक धरलं. माधवराव खूप खाली वाकून पाहत होते. त्यांनी बोट लावलं नाही. फक्त एवढं म्हणाले, “आता साफ दिसते. गंधानं झाकून गेला होता.” मग उठले, चपला पायात सरकवल्या आणि गेले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत.

हे बराच वेळ चार्टाचं टोक तसंच धरून बसले होते. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी चार्ट गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “चहा ठेव.” मी चुलीजवळ गेले तेव्हा मागून म्हणाले, “माह्या बानं बी हेच केलं असतं.” त्यांचा आवाज भरला होता की नुसता दमला होता, मी मागे वळून पाहिलं नाही.

सोमवार परवा आहे. सडकेच्या वळणावर बस थांबते, मिनिटभर. तिच्यात आमच्याबरोबर तिसरा माणूस चढेल की नाही, मला माहीत नाही.